मानेला हिसका बसला, तोल का जातो?



रब्बीच्या पेरण्या उरकल्या. हरभरा वर आला आणि गव्हाच्या पाण्याची घाई सुरू झाली. कापूस जालन्याच्या बाजाराकडे निघाला आहे, आणि अंबड-घनसावंगीच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या रात्रंदिवस धावू लागल्या आहेत. याच दिवसांत कुठे ट्रॅक्टरला मागून धडक बसते, कुठे मोटारसायकल उभ्या ट्रॉलीवर आदळते. ज्याचा हात मोडला त्याला प्लास्टर होते. ज्याचे डोके फुटले त्याला टाके पडतात. पण काही माणसे अंगावर ओरखडाही न येता घरी येतात, रात्री नीट जेवतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठताना मान लाकडासारखी झालेली असते. आठवडाभराने ती म्हणू लागतात, "चालताना झोक जातो, पायाखालची जमीन हलल्यासारखी वाटते." आज या दुखण्याविषयी बोलायचे आहे.

तुम्ही म्हणाल, बोंडअळी आणि मर रोग सांगणारा माणूस आज मानेकडे कसा वळला? मी डॉक्टर नाही, शेतीचा पदवीधर आहे. पण शेतीची निम्मी कामे तोल सांभाळूनच करायची असतात. विहिरीच्या काठावरून वाकून पाहणे, चिखलातून दारे धरणे, कडब्याच्या गंजीवर चढणे, डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन बांधावरून येणे, यांतले एकही काम तोल गेलेल्या माणसाला जमणारे नाही. जमेल म्हणून तो करायला गेला तर जिवावर बेतते. म्हणून डॉक्टरांकडे केव्हा जायचे, घरी काय करायचे आणि काय मुळीच करायचे नाही, एवढे तरी प्रत्येक शेतकरी घराला माहीत असले पाहिजे.

आसुडाचा फटका

या दुखापतीला इंग्रजीत व्हिपलॅश म्हणतात, म्हणजे आसुडाचा फटका. १९२८ साली हॅरोल्ड क्रो नावाच्या अमेरिकी अस्थिरोगतज्ज्ञाने हा शब्द प्रथम वापरला. आसूड कसा चालतो हे आपल्याला कुणी शिकवायला नको. मूठ जराशी हलते, पण टोकाला केवढा तरी फटका बसतो. आपल्या शरीरात धड ही मूठ, मान ही दोरी आणि डोके हे टोक.

मोठ्या माणसाचे डोके साधारण साडेचार ते पाच किलो वजनाचे असते. ते सात मणक्यांच्या मानेवर तोलून धरलेले असते. मागून धडक बसली की सीटबरोबर धड एकदम पुढे ढकलले जाते, पण डोके जागच्या जागी राहू पाहते. त्यामुळे मान क्षणभर वेडीवाकडी ताणली जाते, डोके मागे झुकते आणि मग पुढे फेकले जाते. हे सारे सेकंदाच्या लहानशा अंशात उरकते. मानेचे स्नायू आवळून धरायलाही सवड मिळत नाही. गाडीचा वेग फार असावा लागतो असेही नाही. ट्रॅक्टरच्या सीटला पाठ असते ती कमरेपुरती, डोक्यामागे आधार नसतोच. ट्रॉलीत किंवा मडगार्डवर बसलेल्याला तेवढीही पाठ नाही. मोटारसायकलवर मागे एका बाजूला पाय सोडून बसलेल्या बाईला तर धरायलाही धड काही नसते.

धडकच लागते असेही नाही. खड्ड्यात आदळलेली जीप, एकदम दाबलेला ब्रेक, बुजलेल्या बैलाने कासऱ्याला दिलेला आचका, झाडावरून घसरून पडणे, यांनीही मानेला तसाच हिसका बसू शकतो.

तीन साक्षीदारांचा पंचनामा

आता मुख्य प्रश्न. दुखापत मानेला, मग तोल का जावा?

गारपीट झाली, अतिवृष्टी झाली की पिकाचा पंचनामा होतो. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक असे तिघे मिळून तो करतात. या पदांची नावे अलीकडे बदलली, पण गावात हीच नावे चालतात. तिघांचे म्हणणे जुळले की अहवाल वर जातो. एकाने पन्नास टक्के नुकसान लिहिले आणि दुसऱ्याने दहा टक्के, तर वर बसलेला अधिकारी गोंधळतो.

आपल्या मेंदूचेही तसेच आहे. शरीर सरळ आहे की कलले आहे, हे त्याला तीन ठिकाणांहून कळते. पहिला साक्षीदार आतला कान. तिथे प्रत्येक बाजूला तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. त्यांतला द्रव हलला की डोके कोणत्या दिशेला फिरले ते समजते. या अवयवाच्या अभ्यासासाठी व्हिएन्नाचे डॉक्टर रॉबर्ट बारानी यांना १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरा साक्षीदार डोळे. तिसरा साक्षीदार म्हणजे पाय, सांधे आणि स्नायू यांतून येणारी जाणीव. या तिसऱ्या साक्षीदारात मानेचा वाटा फार मोठा आहे. कवटीच्या बुडाशी जे बारीक, खोलवरचे स्नायू आहेत, त्यांत ताण ओळखणाऱ्या सूक्ष्म तारा अगदी दाटीने असतात. डोके धडावर कसे बसले आहे, ही खबर त्या सतत मेंदूला देत असतात.

हिसका बसला की हे स्नायू दुखावतात, आखडतात आणि चुकीची खबर देऊ लागतात. कान म्हणतो डोके सरळ आहे, डोळे म्हणतात सरळ आहे, मान म्हणते वाकडे आहे. तीन अहवाल जुळत नाहीत. मेंदूचा हा गोंधळ माणसाला चक्कर, झोक, डोके हलके झाल्यासारखे वाटणे, नजर न ठरणे, मळमळ अशा रूपाने जाणवतो. यात नाटक नाही, मनाचा कमकुवतपणा नाही आणि बाहेरची बाधा तर मुळीच नाही.

चक्कर आणि चक्कर यांत फरक आहे

डॉक्टरांकडे गेल्यावर "चक्कर येते" एवढेच सांगू नका. कशी येते, केव्हा येते, किती वेळ टिकते, हे नीट पाहून सांगा. निदान निम्मे तिथेच होते.

मानेमुळे येणारी चक्कर बहुधा गरगर फिरणारी नसते. चालताना डुलल्यासारखे, होडीत उभे असल्यासारखे वाटते. मान दुखते तेव्हा किंवा मान वळवली की ती वाढते आणि कित्येक मिनिटे ते काही तास रेंगाळते. सोबत डोक्याच्या मागच्या भागातून कपाळाकडे येणारी डोकेदुखी असते. हे निदान पक्के करणारी एकच एक तपासणी नाही. बाकीची कारणे एकेक करून बाजूला काढल्यावरच डॉक्टर या निर्णयाला येतात.

दुसरा प्रकार कानातल्या खड्यांचा. आतल्या कानात चुन्याचे अतिसूक्ष्म कण असतात. डोक्याला किंवा मानेला जोराचा धक्का बसला की ते सुटून त्या अर्धवर्तुळाकार नळीत जातात. मग अंथरुणात कुशीवर वळताना, वर आढ्याकडे पाहताना, खाली वाकून उठताना घर गरगर फिरते आणि बहुधा एका मिनिटाच्या आत थांबते. हा प्रकार ओळखण्याची तपासणी लंडनच्या डिक्स आणि हॉलपाईक या डॉक्टरांनी १९५२ मध्ये सांगितली. अमेरिकेतील डॉक्टर जॉन एप्ली यांनी डोके ठरावीक क्रमाने वळवून ते कण पुन्हा जागेवर नेण्याची रीत शोधली आणि १९९२ मध्ये ती प्रसिद्ध केली. तिला ना शस्त्रक्रिया लागते ना महागडे औषध. कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा शिकलेला फिजिओथेरपिस्ट ती करतो आणि पुष्कळांना एक-दोन वेळांतच उतार पडतो. मात्र मानेला हिसका बसलेला आहे हे त्यांना आधी सांगावे, कारण त्यात मान वळवावी लागते.

तिसरा प्रकार मेंदूला बसलेल्या धक्क्याचा. डोके कुठेही आपटले नसले तरी हिसक्याने मेंदू आतल्या आत हादरू शकतो. मग चक्करेबरोबर विसरभोळेपणा, उजेड-आवाज सहन न होणे, झोप बिघडणे, चिडचिड ही लक्षणे असतात. एकाच माणसाला यांतले दोन-तीन प्रकार एकदम असू शकतात.

आणि हेही ध्यानात ठेवावे की प्रत्येक चक्कर मानेची नसते. रक्त कमी असणे, रक्तदाब किंवा साखर खालीवर होणे, ऊन लागणे, ही कारणे आपल्याकडे नेहमीचीच. फवारणी करताना किंवा केल्यानंतर चक्कर आली, घाम सुटला, तोंडाला लाळ आली, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या, तर ती विषबाधा समजावी आणि औषधाच्या डब्यासह तडक दवाखाना गाठावा. तिथे मानेचा विचार करत बसू नये.

अपघातानंतरचा पहिला तास

अपघात पाहिला की आपली माणसे धावत येतात, जखमीला उठवून बसवतात, पाणी पाजतात, आणि दोघे दंडाला धरून जीपमध्ये घालतात. भावना चांगली, पण मानेचा मणका मोडलेला असेल तर याच ओढाताणीत हात-पाय कायमचे जाऊ शकतात.

जखमी बेशुद्ध असेल, मानेच्या मधोमध जोराचे दुखत असेल, हातापायांना मुंग्या येत असतील किंवा ते हलत नसतील, तर त्याला हलवू नका. एकाने डोके दोन्ही हातांनी जसे आहे तसे स्थिर धरावे आणि दुसऱ्याने १०८ क्रमांकावर फोन करावा. ही रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे आणि तिला पैसे लागत नाहीत. आग किंवा भरधाव वाहने असा धोका असेल आणि हलवणे भागच पडले, तर चार-पाच जणांनी मिळून लाकडाचा ओंडका उचलतात तसे डोके, खांदे, कंबर एका रेषेत ठेवून फळीवर किंवा बाजेवर घ्यावे.

माणूस चालता-बोलता असला तरी काही वेळा एक्स-रे काढल्याशिवाय निश्चिंत होऊ नये. कॅनडातील डॉक्टरांनी २००१ मध्ये यासाठी एक नियम प्रसिद्ध केला. वय ६५ किंवा अधिक असणे, तीन फुटांहून किंवा त्याहून उंचावरून पडणे, हातापायांत मुंग्या येणे, किंवा मान दोन्ही बाजूंना निम्मी-अर्धीसुद्धा न वळणे, अशा गोष्टी असल्या तर तपासणी हवीच. मान वळते का हे घरी जोर लावून पाहू नये. ते डॉक्टरांचे काम.

पुढचे काही दिवसही घरच्यांनी लक्ष ठेवावे. बोलणे जड होणे, एकाचे दोन दिसणे, तोंड वाकडे होणे, गिळायला त्रास होणे, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणे, कधी नव्हे एवढे डोके किंवा मान दुखणे, वारंवार उलट्या, गुंगी, लघवी-शौचावरचा ताबा जाणे, यांतले एकही लक्षण दिसले तर सकाळची वाट न पाहता मोठा दवाखाना गाठावा. मानेतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या नळीला हिसक्याने चीर पडली असेल, तर त्याची लक्षणे काही दिवसांनीही दिसू शकतात.

एक्स-रे चांगला, मग दुखणे कुठे?

पुष्कळ घरांत भांडण इथेच सुरू होते. ग्रामीण रुग्णालयात एक्स-रे निघतो, डॉक्टर सांगतात की हाड शाबूत आहे, आणि घरचे समजतात की माणूसच शाबूत आहे. मग आठ-पंधरा दिवसांनी तो काम टाळतो तेव्हा "अंग चोरतो" असे म्हणतात. सुनेच्या वाट्याला तर याहून कडू शब्द येतात.

तुरीवर मर रोग येतो तेव्हा काय होते ते आठवा. झाड वरून हिरवे दिसते. फुलोऱ्यात असताना एकाएकी माना टाकते. वरून पाहून काही कळत नाही. खोड उभे चिरले की आत काळ्या-तपकिरी रेषा दिसतात. म्हणून तर बदनापूरच्या संशोधन केंद्राला बीडीएन ७११ सारखे मर रोगाला तोंड देणारे वाण काढावे लागले. एक्स-रे हाड दाखवतो. स्नायू, शिरा, सांध्यांची बारीक वेष्टने आणि खबर नेणाऱ्या तारा तो दाखवत नाही. एक्स-रे चांगला येण्याचा अर्थ एवढाच की हाड मोडलेले नाही. दुखणे नाही असा त्याचा अर्थ होत नाही.

विश्रांती किती, हालचाल किती

पूर्वी मानेला हिसका बसला की महिना-महिना पट्टा बांधून झोपवून ठेवीत. आता ती समजूत मागे पडली आहे. कॅनडातील क्युबेक प्रांतात नेमलेल्या तज्ज्ञांच्या मंडळाने १९९५ मध्ये या विषयावरचा सारा अभ्यास तपासला. हाड किंवा मज्जातंतू दुखावलेले नसतील तर माणसाने लवकरात लवकर हळूहळू हिंडते-फिरते व्हावे, असा त्यांचा निष्कर्ष होता. पट्टा जास्त दिवस बांधला की मानेचे स्नायू आणखी दुबळे होतात. त्यामुळे पट्टा बांधायचा तर डॉक्टर सांगतील तेवढेच दिवस. दुखणे सहन होईल एवढी औषधे घ्यावीत, गरम कापडाने शेकावे, आणि दिवसातून चार-पाच वेळा मान सावकाश, दुखणार नाही इतपत डावी-उजवीकडे वळवावी.

चक्कर थांबवणाऱ्या गोळ्यांबद्दल एक इशारा. सुरुवातीचे काही दिवस त्या उपयोगी पडतात. पण दुकानातून परस्पर घेऊन महिनोन्महिने खात राहिले तर मेंदूला तोल पुन्हा शिकायला सवड मिळत नाही, उलट गुंगी येऊन पडण्याचा धोका वाढतो.

आणि मान मोडून घेणे सर्वांत घातक. केशकर्तनालयात मालिशनंतर मान कटकन मोडतात, कुणी हाडवैद्याकडे जाऊन झटका देऊन घेतो. हिसका बसलेल्या मानेला दुसरा हिसका देणे म्हणजे वाकलेल्या रोपाला सरळ करण्यासाठी उपटून पाहणे. त्याने रक्ताची नळी फाटून पक्षाघात होऊ शकतो. हे मुळीच करू नये.

तोल पुन्हा शिकवता येतो

यातली दिलासा देणारी गोष्ट अशी की मेंदू शिकतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये कॉथॉर्न आणि कुक्सी या दोन डॉक्टरांनी डोक्याला मार लागलेल्या रुग्णांसाठी डोळे, डोके आणि चालणे यांचे साधे व्यायाम बसवले. आज जगभर जे तोलाचे व्यायाम दिले जातात ते त्याच वाटेने पुढे आलेले आहेत. बहुतेक माणसे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुधारतात. काहींना वर्षभर थोडा त्रास राहतो, पण व्यायामाने तोही कमी करता येतो.

हाडाला धोका नाही असे डॉक्टरांनी सांगितल्यानंतरच पुढील व्यायाम, शक्यतो फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून, करावेत.

पहिला, नजरेचा. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या एका आकड्यावर नजर रोखून बसावे आणि डोके थोडेसेच, सावकाश डावीकडे-उजवीकडे करावे. आकडा स्पष्ट दिसत राहिला पाहिजे. अर्ध्या मिनिटावर नेऊ नये.

दुसरा, उभे राहण्याचा. घराच्या कोपऱ्यात दोन भिंतींना पाठ करून, पुढे खुर्ची ठेवून, पाय जुळवून अर्धा मिनिट उभे राहावे. काही दिवसांनी हेच डोळे मिटून करावे, पण घरातले कुणीतरी शेजारी हवे.

तिसरा, चालण्याचा. भिंतीच्या कडेने एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावत दहा-बारा पावले चालावे.

चौथा, मानेच्या खबरीचा. रात्री पाणी भरताना आपण डोक्याला जी बॅटरी बांधतो ती इथे कामी येते. भिंतीपासून सुमारे ९० सेंटीमीटरवर बसून बॅटरीचा झोत खडूच्या खुणेवर आणावा. डोळे मिटून मान एका बाजूला वळवावी आणि अंदाजाने पुन्हा समोर आणावी. डोळे उघडून झोत खुणेपासून किती सरकला ते पाहावे. फ्रान्सचे डॉक्टर रेव्हेल यांनी १९९१ मध्ये हीच युक्ती तपासणी म्हणून वापरली. या अंतरावर झोत सुमारे सात सेंटीमीटरपेक्षा अधिक चुकत असेल तर मानेची खबर बिघडली आहे असे मानतात. रोज सराव केला की चूक कमी होत जाते, आणि आपण सुधारत आहोत हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसते.

व्यायाम करताना थोडी चक्कर येणारच. ती काही मिनिटांत बसली तर काळजी नाही. तासन् तास राहिली तर दुसऱ्या दिवशी व्यायाम निम्मा करावा आणि डॉक्टरांना विचारावे.

विहीर, शेततळे आणि रात्रीचे पाणी

आता सर्वांत महत्त्वाचे. हे कात्रण काढून ठेवले तरी चालेल.

तीन साक्षीदारांची गोष्ट पुन्हा ध्यानात आणा. रात्री अंधारात डोळ्यांची साक्ष गेली. चिखलात पाय रुततात, घसरतात, म्हणून पायांची साक्ष गेली. मान तर आधीच बिघडलेली. उरला एकटा कान, आणि त्यातलेही खडे सुटलेले असले तर कुणाच्या भरवशावर उभे राहायचे? दिवसा अंगणात नीट चालणारा माणूस रात्री शेतात कोसळतो तो यामुळे. वीज रात्रीच्या पाळीची असेल तर चक्कर पूर्ण जाईपर्यंत पाण्याला दुसऱ्याला पाठवावे. शेजाऱ्याशी पाळी बदलून घ्यावी. एक पाणी उशिरा बसले तर चार पायल्या कमी होतील, तेवढे सोसावे.

आपल्या भागात कठडा नसलेल्या विहिरी अजून पुष्कळ आहेत. कडवंचीसारख्या गावांनी शेततळ्यांच्या जोरावर कोरडवाहू मुलखात द्राक्षे पिकवली, त्याचा सर्वांना अभिमान आहे. पण प्लॅस्टिकचे अस्तर असलेल्या शेततळ्याचा उतार इतका निसरडा असतो की पोहता येणाऱ्यालाही वर येता येत नाही. विहिरीला कठडा, शेततळ्याला कुंपण आणि आत सोडलेला गाठींचा दोर, ही व्यवस्था सर्वांसाठीच हवी. तोल जाणाऱ्या माणसाने मात्र तिकडे एकट्याने फिरकूच नये.

तसेच गंजीवर, झाडावर, कठडा नसलेल्या गच्चीवर चढू नये. ट्रॅक्टर आणि मोटारसायकल मान दोन्हीकडे मोकळी वळेपर्यंत आणि चक्कर थांबेपर्यंत चालवू नये. नांगरट करताना ट्रॅक्टरवाला सारखा मागे वळून पाहतो, दुखऱ्या मानेला तेच सर्वांत जड जाते. पाठीवरचा फवारणी पंप घेऊ नये. बायकांनी डोक्यावर हंडा, वैरण, सरपण घेऊ नये. चुंबळ कितीही मऊ असली तरी भार मानेवरच येतो. न्हाणीत तोंडाला साबण लावून डोळे मिटले की झोक जातो, तेव्हा बसूनच अंघोळ करावी. रात्री उठताना आधी दिवा लावावा, मग पाय खाली सोडावा. दारूचा एक घोटसुद्धा या दिवसांत नको.

कागद सांभाळा

अपघातानंतर लगेच दवाखान्यात नोंद करावी. दुसऱ्या वाहनाची चूक असेल तर पोलिसांत खबर द्यावी, आणि केसपेपर, एक्स-रे, औषधांच्या पावत्या एका पिशवीत ठेवाव्यात. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे याच कागदांना किंमत असते.

शासनाची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. एप्रिल २०२३ मध्ये ती आजच्या स्वरूपात आली. १० ते ७५ वर्षे वयाच्या शेतकऱ्यांसाठी आणि त्यांच्या कुटुंबातील एका सदस्यासाठी ती आहे. अपघाती मृत्यू, तसेच दोन डोळे किंवा दोन अवयव गेल्यास २ लाख रुपये आणि एक डोळा किंवा एक अवयव गेल्यास १ लाख रुपये मिळतात. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आत द्यावा लागतो. पण मानेच्या हिसक्याने महिनोन्महिने काम बुडाले, तर त्यासाठी या योजनेत तरतूद नाही. म्हणून या दुखण्यात घर आणि भावकी हाच खरा आधार.

हिसका टाळता येतो

ट्रॉलीच्या मागे लाल रिफ्लेक्टर आणि चालू दिवा लावा, हा खर्च एका पोत्याच्या किमतीतही भागतो. बिघडलेली ट्रॉली रस्त्यावर अंधारात उभी करू नका. मडगार्डवर कुणाला बसवू नका. मोटारसायकलवर मागे बसणारीने दोन्हीकडे पाय टाकून बसावे, दोघांनी हेल्मेट घालावे.

आता गावोगाव चारचाक्या आल्या. समृद्धी महामार्ग जालना आणि बदनापूर तालुक्यांतून जातो. नागपूर ते शिर्डी हा त्याचा भाग डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा सारा रस्ता पुरा झाला. त्या वेगात मानेला वाचवणारी वस्तू म्हणजे सीटवरची डोक्यामागची उशी. अमेरिकेत १९६९ पासून नव्या मोटारींत ती सक्तीची आहे. आपल्याकडे ती खाली दाबलेली असते किंवा काढून माळ्यावर टाकलेली असते. तिचे वरचे टोक डोक्याच्या वरच्या टोकाबरोबर आणावे, निदान कानाच्या वर तरी असावे, आणि डोके तिच्या जवळ असावे. मानेशी असलेली उशी मान वाचवत नाही. गाडीत बसल्यावर पट्टा बांधायच्या आधी हात मागे नेऊन एवढे पाहून घ्या.

शेवटी घरच्या कर्त्या माणसांना एकच सांगणे. घरात कुणाला असा हिसका बसला असेल, आणि तो किंवा ती म्हणत असेल की जमीन हलल्यासारखी वाटते, तर आधी विश्वास ठेवा. आधी दवाखाना, मग व्यायाम, आणि तोवर विहीर, शेततळे व रात्रीचे पाणी बंद. बैलाचा पाय लचकला तर आपण त्याला जू लावत नाही, तो स्वतःहून जोराने पाय टाकेपर्यंत थांबतो. माणसाच्या मानेसाठी तेवढी कळ काढायला हरकत नसावी.

पुढच्या आठवड्यात हरभऱ्यावरील घाटेअळी आणि शेतात पक्षिथांबे कसे लावावेत, हे पाहू.